शाळा वाढते तेव्हा मुले कुठे बसतात?

गावात शाळेची नवी इमारत उभी राहणे हा आनंदाचा प्रसंग होय, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. नारळ फुटतो, कोनशिला बसते, फोटो निघतात आणि वर्ष-दीड वर्षाने फीत कापली जाते. या दोन समारंभांच्या मध्ये जो काळ जातो, त्याची हकीकत मात्र कोणत्याही अहवालात आढळत नाही. खर्चाचे आकडे सापडतात, चौरस फूट सापडतात, पाहुण्यांची नावेही सापडतात. पण त्या काळात पहिली-दुसरीची मुले कुठे बसली, त्यांना काय ऐकू आले, त्यांच्या छातीत कसली धूळ गेली आणि गुरुजी दिवसातून किती वेळ त्यांच्यासमोर उभे होते, हे कोणी लिहून ठेवत नाही. आजच्या विवेचनाचा विषय हा मधला काळ आहे.

बांधकाम करणारे या काळाला ‘तात्पुरती गैरसोय’ म्हणतात. चाळिशीच्या माणसाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा चाळिसावा हिस्सा. त्याच्या दृष्टीने ते तात्पुरतेच आहे. सहा वर्षांच्या मुलाला तेच वर्ष म्हणजे आजवरच्या सगळ्या आयुष्याचा सहावा हिस्सा. शिवाय ते वर्ष साधे नव्हे. त्याच वर्षात अक्षराला आवाज असतो आणि आवाजाला अक्षर असते, हे त्याला उमगायचे असते. सातवीतल्या मुलाचे एखादे प्रकरण बुडाले तर ते पुढे वाचून काढता येते. ज्याचे वाचायला शिकणेच बुडाले, त्याने ते कशाच्या आधारे भरून काढावे? पहिलीचे वर्ष एकदाच येते, आणि इमारतीचे वेळापत्रक आखताना त्याची नोंद कोणी घेत नाही.

आपल्या कोरपना भागापुरते बोलायचे तर येथील शाळेची वाढ ही तशी अलीकडची गोष्ट आहे. पैनगंगेच्या काठापासून माणिकगडच्या डोंगरापर्यंतचा हा मुलूख राजुऱ्याबरोबर हैद्राबाद संस्थानात होता. तेथे राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९५६ साली भाषावार पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा तालुका आदिलाबादहून नांदेडकडे आला आणि १९५९ साली तेथून चांदा जिल्ह्यात दाखल झाला. पुढे राजुऱ्यातून कोरपना तालुका वेगळा निघाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. त्या काळची खेड्यातली शाळा म्हणजे कवेलूचे छप्पर, एक खोली आणि एक गुरुजी. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम निघाली. तिने निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत असे ठरविले. २००१ पासून सर्व शिक्षा अभियान आले. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, भोजन शिजविण्याची जागा, खेळाचे मैदान आणि कुंपण या गोष्टी कायद्याच्या परिशिष्टात लिहिल्या गेल्या. एवढ्या पायऱ्या म्हणजे एवढ्या वेळा खोदकाम, एवढ्या वेळा गिट्टीचे ढीग.

दुसरे कारण आपल्या पायाखाली आहे. येथील चुनखडीवर १९८० नंतर गडचांदूर, आवारपूर, उपरवाही या भागांत सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. कामासाठी बाहेरून कुटुंबे आली, वस्त्या वाढल्या आणि शाळेचे पट फुगले. ज्या तालुक्याचे सिमेंट वापरून दूरदूरच्या शहरांत शाळा बांधल्या जातात, त्या तालुक्यातल्या मुलांना बांधकाम म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. परंतु सवय झाली म्हणजे परिणाम होत नाही, असे नव्हे.

आता आवाजाकडे वळू. या सगळ्या परिणामांत तो सर्वांत कमी दिसणारा आणि माझ्या मते सर्वांत दूरवर पोचणारा आहे.

आपले बोलणे स्वर आणि व्यंजने यांचे बनलेले असते. स्वर मोठे आणि दमदार असतात. व्यंजने क्षणभर टिकणारी आणि दुबळी असतात. गोंगाटात स्वर तरून जातात, व्यंजने बुडतात. ‘पान’, ‘कान’, ‘मान’ या तिन्ही शब्दांत ‘आ’ सारखाच ऐकू येतो. अर्थ सगळा त्या पहिल्या व्यंजनावर टांगलेला असतो. मोठ्या माणसाला वाक्याचा संदर्भ ठाऊक असतो, म्हणून अर्धवट ऐकूनही तो शब्द मनाने पुरा करतो. बाजाराच्या गलक्यात आपण व्यवहार करतो तो या बळावर. सहा वर्षांच्या मुलाकडे शब्दांचा तेवढा साठा नसतो, आणि गोंगाटातून बोलणे निवडून काढण्याची शक्तीही पुरती पिकायला वयाची बारा-चौदा वर्षे जावी लागतात. म्हणजे एकाच खोलीत, एकाच आवाजात, गुरुजींना ‘नीट ऐकू येते आहे’ असे वाटते आणि त्याच वेळी मुलाला ते नीट ऐकू येत नसते. मूल तक्रार करीत नाही. आपल्याला कमी ऐकू आले हेच त्याला कळत नाही; त्याला एवढेच वाटते की, हे काही आपल्याला समजत नाही.

आपल्या भागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. कोरपना, जिवती, राजुरा येथील कितीतरी मुले घरी गोंडी किंवा कोलामी बोलतात. सीमेलगतच्या गावांत तेलुगू बोलणारीही आहेत. या तिन्ही भाषा द्राविडी कुळातल्या. त्या कुळाच्या मूळ वर्णव्यवस्थेत महाप्राण वर्ण नाहीत. तेव्हा क आणि ख, द आणि ध यांतला भेद अशा मुलाला शाळेत येऊन नव्याने कानाने शिकायचा असतो. तो शिकण्याचे साधन एकच: गुरुजींचा स्पष्ट उच्चार, पुन्हा पुन्हा, शांत खोलीत. परक्या भाषेतले बोलणे गोंगाटात अधिक हरवते, हा अनुभव आपल्यालाही आहे. रेल्वेच्या फलाटावरची अनोळखी भाषेतली घोषणा आठवून पाहावी. मराठी घरातले मूल आणि कोलाम घरातले मूल एकाच वर्गात, एकाच मिक्सरच्या घरघरीत बसले, तर तोटा दोघांचाही होतो, पण तो सारखा होत नाही. ज्याला शाळेची सर्वांत जास्त गरज त्याचाच अधिक होतो.

हे केवळ तर्काने म्हणावयाचे नाही. न्यूयॉर्क शहरात मॅनहटनच्या उत्तर टोकाला एक प्राथमिक शाळा आहे. तिच्या एका बाजूला उंच पुलावरून लोहमार्ग जातो. दुसरी बाजू शांत. अर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ साली या दोन्ही बाजूंच्या वर्गांतील मुलांच्या वाचनाची तुलना प्रसिद्ध केली. शाळा तीच, अभ्यासक्रम तोच, वस्ती तीच. फरक फक्त खिडकीबाहेरचा. गोंगाटाकडील मुले वाचनात मागे होती आणि सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचे झाले होते. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसविण्यात आल्या आणि वर्गांना आवाज शोषणारी छते लावण्यात आली. १९८१ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली होती. म्हणजे दोष मुलांच्या बुद्धीत नव्हता, गुरुजनांच्या कसबातही नव्हता. तो रुळांत होता आणि दुरुस्त होण्यासारखा होता. रेल्वेचा आवाज काही मिनिटांच्या अंतराने येतो. मिक्सर, सळई कापण्याचे यंत्र आणि फरशी कापण्याचे यंत्र इतकाही विसावा देत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वर्गात शिकविताना बाहेरून येणारा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा असे सुचविले. काँक्रीटचा मिक्सर १५ मीटरवरून ८० ते ८५ डेसिबलच्या घरात ऐकू येतो. खिडक्या लावून घ्या असे सांगणे सोपे; पण आपल्याकडे मार्चपासून खिडकी लावलेली खोली म्हणजे भट्टी. तेव्हा उपाय अंतराचाच. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो; १५ मीटरवरचा मिक्सर ६० मीटरवर नेला तर १२ डेसिबलचा फरक पडतो, आणि मधे एखादी भिंत किंवा विटांची रास असली तर त्याहून अधिक. एवढ्यासाठी रेजांना आणि कुलींना घमेली थोडी लांबून आणावी लागतील व कंत्राटदार कुरकुरेल. ती कुरकुर ऐकून घ्यावी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र मानले आहे. २०१० च्या दुरुस्तीने अशा क्षेत्रात आवाज करणारी बांधकामाची यंत्रे रात्री चालवू नयेत असेही सांगितले. रात्री शाळेत कोणी नसते, ही गोष्ट नियम करणाऱ्यांच्या ध्यानात राहिली नसावी.

धुळीविषयी थोडक्यात सांगतो. लहान मूल मोठ्यापेक्षा भरभर श्वास घेते आणि वजनाच्या मानाने त्याच्या छातीत हवा अधिक जाते; शिवाय त्याचे नाक जमिनीच्या जवळ असते, जेथे धूळ दाट असते. फरशी, दगड किंवा काँक्रीट कोरडे कापले म्हणजे जी पांढरी भुकटी उडते तिच्यात सिलिकेचे बारीक कण असतात व ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात. यंत्राच्या पात्यावर पाण्याची धार सोडली की यातला मोठा भाग जागीच बसतो. ओल्या सिमेंटचा प्रकार वेगळा आहे. ते तीव्र अल्कलीयुक्त असते. मुले त्यात मातीसारखी खेळतात, आणि कातडी भाजल्याचे तासा-दोन तासांनी कळते. डोळ्यात गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन दवाखाना गाठावा. घरगुती औषध घालू नये.

खड्ड्यांची गोष्ट मात्र सविस्तर बोलली पाहिजे, कारण ती आपल्या मातीची गोष्ट आहे. नदीकाठच्या गावांत आपली जमीन काळी, कन्हारी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उथळ पायाची खोली या मातीबरोबर वर-खाली होते आणि चार-दोन वर्षांत तिच्या भिंतींना कोपऱ्यातून तिरप्या चिरा जातात. म्हणून पाया मुरुमापर्यंत किंवा कठीण थरापर्यंत न्यावा लागतो, म्हणजेच खड्डे खोल होतात. आता ही कामे सुरू केव्हा होतात पाहा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, मंजुरीचे कागद फिरत फिरत मे अखेरीस खाली येतात, जूनमध्ये खोदकाम निघते आणि मृग नक्षत्र लागते. पंधरा दिवसांत काळ्या मातीतले ते खड्डे पाण्याने काठोकाठ भरतात, काठ निसरडे होतात, आणि नेमक्या त्याच सुमारास शाळेची घंटा वाजते. पहिलीत नाव घातलेले मूल आयुष्यात प्रथमच शाळेच्या आवारात पाऊल टाकते, ते अशा खड्ड्यांच्या शेजारी. गढूळ पाण्याची खोली मुलाला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने ते डबके असते. भोवती दोरी बांधून भागत नाही. मुलाच्या छातीइतके उंच पत्र्याचे कुंपण पाहिजे, आणि तराईचे पाणी साठविण्याच्या टाक्याला झाकण पाहिजे.

मग काम करावे तरी केव्हा? उत्तर सोपे वाटते: उन्हाळ्याच्या सुटीत. तेथेही आपली अडचण निराळी आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा काही दिवस उशिरा उघडतात, म्हणून सुटी लांब मिळते हे खरे. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही नवलाची गोष्ट नाही. भारतीय मानकांनी ४० अंशांवरील काँक्रीटच्या कामासाठी वेगळी काळजी सांगितली आहे, कारण सिमेंटला घट्ट होण्यासाठी जे पाणी लागते तेच उन्हाने आधी उडून जाते. वरचा थर तडकतो आणि आतला कच्चा राहतो. काँक्रीट वाळून कठीण होते अशी आपली समजूत असते. ती चूक आहे. ते पाण्याशी संयोग पावून कठीण होते. वाळले की त्याचे कठीण होणेच थांबते. म्हणून तराई साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटला किमान १० दिवस हवी. मेमध्ये जेथे पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी कोण साठविणार? मुलांच्या सोयीचा महिना काँक्रीटला मानवत नाही, आणि काँक्रीटच्या सोयीचे महिने मुलांच्या शाळेचे.

यातून वाट नाही असे मात्र नाही. बांधकाम हे एकच काम नसून दहा वेगळ्या कामांची माळ आहे, आणि त्यातली सगळीच सारखी उपद्रवी नाहीत. जुनी भिंत फोडणे, पाया खोदणे, गिट्टी-रेतीच्या गाड्या रिकाम्या करणे ही कामे गोंगाटाची आणि धोक्याची, पण त्यांना पाणी लागत नाही. ती एप्रिलअखेर ते मे या काळात, जमीन कोरडी असताना उरकता येतात. पाया भरून जोत्यापर्यंत काम जूनच्या आत आले, की खड्डा हा प्रकारच संपला. पायातले काँक्रीट जमिनीच्या आड असते, त्याला बारदानाने ओले ठेवणे छताइतके कठीण नसते. विटांची भिंत चढविणे हे जवळजवळ मूक काम आहे. गवंडी थापीने वीट ठोकतो तेवढाच काय तो आवाज. ते पावसाची उघडीप साधून, आडोसा करून, शाळा चालू असताना होऊ शकते. स्लॅबसाठी दिवाळीची सुटी धरावी. तेव्हा विहिरींना पाणी असते, ऊन सौम्य असते आणि पंधरवडाभर आवार मोकळे असते. सुटीच्या पहिल्या दिवशी स्लॅब पडला, तर तराईचे दिवस सुटीतच निघून जातात. वर्गखोलीच्या रुंदीचा स्लॅब साडेचार मीटरहून लांब पल्ल्याचा असला, तर त्याखालचे टेकू १४ दिवस काढावयाचे नसतात. तुळई ६ मीटरहून लांब असेल तर तिचे २१ दिवस. सेंट्रिंग काढताना पाट्या आणि बल्ल्या धडाधड खाली पडतात. ते काम रविवारी करावे. छपाईला फारसा आवाज नाही. फरशी कापण्याचे काम मात्र शाळा सुटल्यावर, नाही तर रविवारी. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांच्या हिशेबाने धरतात. २६ जानेवारीच्या उद्घाटनासाठी कोणी त्याआधी वर्ग आत बसवू म्हणेल, तर त्याला तारीख पुढे ढकलायला सांगावे.

हे वेळापत्रक कोणत्याही गवंड्याला मान्य होईल. अडते ते कागदावर. निधी हप्त्याहप्त्याने येतो, आणि मार्चअखेरीस खर्च दाखविण्याची घाई असते. तेव्हा प्रश्न स्थापत्यशास्त्राचा नाही. मंजुरी फेब्रुवारीत हवी की जूनमध्ये चालेल, एवढाच आहे.

नवी खोली उठेपर्यंत मुले कुठे बसतात, हा मथळ्यातला प्रश्न आता घेऊ. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता आधीच दोन खोल्यांत असतात. त्यातली एक खोली पाडली की चारही इयत्ता एका खोलीत येतात, किंवा दोन इयत्ता समाजमंदिरात, देवळाच्या सभामंडपात किंवा टिनाच्या छपराखाली जातात. पहिलीचे मूल ‘बे एके बे’ म्हणत असते आणि पाठीला पाठ लावून बसलेली चौथी भूगोल वाचत असते. टिनाखाली मार्चच्या दुपारी डोके तापते आणि जुलैच्या सरीत गुरुजींचा शब्द ऐकू येत नाही. अशा वेळी पहिली-दुसरीला चांगली, शांत खोली द्यावी आणि मोठ्या मुलांना बाहेर पाठवावे, हे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्यक्षात बहुधा उलटे घडते. वरच्या वर्गांचा ‘अभ्यास’ असतो आणि लहानांचे ‘काय, कुठेही बसतील’.

तात्पुरत्या छपराचा धोका उन्हापावसापुरता नसतो. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे एका प्राथमिक शाळेत भोजन शिजविण्याच्या जागी आग लागली. ती गवती छपरावर पसरली आणि ९४ मुले मरण पावली. या दुर्घटनेवरून झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सांगितले की, सुरक्षित इमारत हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. आणि जुनी खोली ‘अजून वर्षभर चालेल’ म्हणून वापरीत राहण्याचे मोल २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी गावात कळले. तेथे शाळेचे छत कोसळून सात मुले गेली. तेव्हा बांधकाम टाळणे हा उपाय नव्हे. बांधलेच पाहिजे. आपल्या तालुक्यात तर आणखी एका कारणासाठी बांधले पाहिजे. चौथीपर्यंतच्या शाळेला पाचवी जोडली, पुढे आठवीपर्यंतचे वर्ग जोडले, तर जी मुलगी दुसऱ्या गावी जंगलाच्या कडेने चालत जावे लागते म्हणून घरी बसली असती, ती शिकत राहते. दोन खोल्यांची ही किंमत पैशात सांगता येणार नाही. उलट, २०२३ साली राज्य शासनाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागविले, तेव्हा एका गावची भव्य इमारत म्हणजे शेजारच्या गावची बंद शाळा ठरते की काय, अशी शंका अनेकांनी घेतली. डोंगरी भागात ती अनाठायी नाही.

मुलींच्या संबंधात आणखी एक बारीक गोष्ट. विस्तारात स्वच्छतागृह बहुधा आधी पाडले जाते, कारण ते कोपऱ्यात असते आणि नवा पाया तेथूनच जातो. नवे स्वच्छतागृह सगळ्यांत शेवटी होते. मधल्या काळात मुले आडोसा शोधतात; मुली पाणी पिणे सोडतात, आणि पाचवीच्या पुढच्या मुली शाळेत येणे सोडतात. नवे झाल्यावाचून जुने पाडू नये, एवढी एक ओळ करारात असली तरी पुष्कळ झाले.

आता गुरुजींकडे येतो. सर्व शिक्षा अभियानात इमारतीचे काम कंत्राटदाराऐवजी गावाने करावे, असा उदात्त विचार होता. ग्रामशिक्षण समिती काम करणार, आणि समितीचा सचिव मुख्याध्यापक. विचार चांगला होता. पैसा गावात राहिला, काम डोळ्यांसमोर झाले. पण सिमेंटच्या गोण्यांची नोंदवही कोणाकडे? रेतीचा ट्रॅक्टर आला नाही तर फोन कोणी करायचा? गवंड्याची मजुरी, बिले, अभियंत्याची भेट हे सारे मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडले. वीस वर्गांच्या शाळेत एक माणूस गुंतला तर निभते. दोन शिक्षकी शाळेत एक माणूस गुंतला, म्हणजे अर्धी शाळा गुरुजींवाचून राहिली. पट भरलेला, इमारत उठत असलेली आणि शिकविणे थांबलेले, असे चित्र त्या वर्षांत राज्यभर ठिकठिकाणी दिसले, आणि ते मला आवाजाइतकेच गंभीर वाटते. आज कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे लिहिले आहे, व शाळेचा विकास आराखडा तिनेच करावयाचा आहे. या समितीतला एखादा निवृत्त ओव्हरसिअर, एखादा दुकानदार, हिशेबाला पक्की अशी एखादी बचतगटातली बाई यांनी गोण्या मोजाव्यात आणि गुरुजींना फळ्यापाशी राहू द्यावे. या सभेत बसलेल्यांपैकी कित्येकांना हे जमण्यासारखे आहे.

बांधकामातून मुलांना केवळ त्रासच होतो असे म्हटले तर ते अर्धसत्य होईल. येथून फार दूर नाही त्या वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षण हा विचार, ‘नई तालीम’, देशापुढे आला. त्या विचाराचा चालता-बोलता वर्ग आपल्या आवारातच उभा असतो. ओळंबा सरळ का लटकतो? पाणसळीतल्या नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर का राहते? मिस्त्री दोरीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा करून कोपरा काटकोनात कसा आणतो? हा शेवटचा प्रयोग कुंपणाबाहेरून पंधरा मिनिटांत दाखविता येतो, आणि तो पाहिलेले मूल पुढे पायथागोरसाच्या सिद्धांताला घाबरत नाही. परंतु पाहणे वेगळे आणि राबणे वेगळे. श्रमदानाच्या नावाखाली मुलांकडून विटा वाहविण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. तिला नई तालीम म्हणू नये.

येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण होते. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या वारली वस्तीत नेले. मूल शाळेत येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात गेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. तेथे इमारत नव्हती. पण सावली होती, स्वच्छ हवा होती, ऐकू येईल अशी शांतता होती आणि शिकविणारे माणूस जागेवर होते. इमारत या चार गोष्टींसाठी बांधावयाची असते. ज्या वर्षी ती बांधली जाते त्या वर्षी नेमक्या याच चार गोष्टी मुलांकडून काढून घेतल्या जातात. त्यात आवारातला जुना कडुलिंबही जातो, कारण नकाशा काढणाऱ्याला तो आड येतो. लहान मुलाच्या दृष्टीने शाळा म्हणजे पुष्कळदा ते झाडच असते. खोली चार हात सरकवता येते का, हे निदान विचारून पाहावे.

एक शेवटची बाब राहिली. शाळेच्या भिंती ज्यांच्या हातांनी उठतात, ते मजूर पुष्कळदा दुरून आलेले असतात. रेती उपसणाऱ्या रेजेचे पाच-सहा वर्षांचे मूल गोण्यांच्या सावलीत धाकट्या भावंडाला सांभाळीत बसलेले असते. पलीकडे वर्गात पाढे चाललेले असतात. ते कधी कधी इकडून म्हणतेही. शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणे त्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, वर्षाच्या मध्यावरसुद्धा, आणि दाखल्यावाचूनही. काम सुरू होईल त्या दिवशी कंत्राटदाराकडून मजुरांची यादी मागतात, तीतच मुलांची नावे आणि वये लिहून घेतली, तर हजेरीपटावर चार नावे वाढतात. धाकट्यांसाठी गावात अंगणवाडी असते. त्या मुलांना दुपारी इतरांबरोबर ताटावर बसवावे, आणि काम संपवून त्यांचे आईबाप पुढच्या गावी निघतील तेव्हा हातात दाखला द्यावा.